माहितीपटाच्या ढंगाची भयकथा: घरातल्या दुःखावरची शॉर्टफिल्म कोणत्या क्रमाने करावी

खोटा माहितीपट, आतून भयकथा आणि गाभ्याला घरातलं मरण. अशा बहुतेक शॉर्टफिल्म एकाच जागी फसतात. करणाऱ्याला आधी सुचते ती पॅसेजच्या टोकाला उभी असलेली आकृती. मग तिच्यासाठी कुटुंब जमवलं जातं, कलाकारांना संवाद पाठ करायला दिले जातात आणि शेवटी सगळ्यावर ‘जुन्या टेप’चा फिल्टर चढवला जातो. पाहणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं की हे लोक कधी एका घरात राहिलेलेच नाहीत. मग त्या आकृतीची भीती वाटण्याचं कारणच उरत नाही.

काम याच्या उलट्या क्रमाने करायचं. आधी घर, मग घरातलं जुनं फुटेज, त्यानंतर मुलाखती, मग एडिट आणि सगळ्यात शेवटी आवाज. खाली धरलेला हिशेब २० ते २५ मिनिटांची फिल्म, पाच पात्रं, एक कॅमेरा आणि चार-पाच जणांची टीम असा आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कुटुंब ठरवून घेऊ. मुलगा १९ वर्षांचा, रात्री मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. मागे आई, वडील, मोठी बहीण, आत्या आणि एक मित्र. त्याने केलेला शेवटचा फोन बहिणीने उचलला नव्हता. वर्षभराने घरातले व्हिडिओ पाहताना लक्षात येतं की तो गेल्यानंतरच्या प्रत्येक क्लिपमध्ये त्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे. वडील सांगतात, ते दार रोज रात्री ते स्वतः लावतात.

१. कुटुंबाची वही

पटकथेच्या आधी एक तक्ता करा. रकाने पाच: तारीख आणि वेळ, काय घडलं, तिथे कोण होतं, इतरांना ते केव्हा कळलं, त्याचा पुरावा काय. नोंदी ४० ते ६० असाव्यात आणि त्यातल्या दोन-तृतीयांश मरणाच्या आधीच्या. हे ओझं वाटतं, पण मुलाखतीत कलाकाराला सर्वाधिक प्रश्न साध्या दिवसांबद्दलच येणार आहेत. मुलाला सायकल कधी घेतली, बहिणीशी बोलणं कशावरून बंद झालं होतं, त्या रात्री घराची किल्ली कोणाकडे होती. तक्ता नसेल तर पाच कलाकार पाच वेगळी घरं रचतात.

त्यानंतर प्रत्येक पात्रासाठी तीन ओळी लिहा. ते चारचौघांत काय सांगतं, काय दडवतं, आणि गेलेला माणूस परत आला असेल तर त्याच्याकडून त्याला काय हवं आहे. फिल्म उभी राहते ती या तिसऱ्या ओळीवर. उघडं दार पाहून आईला धीर येतो, कारण तिला तो घरात हवा आहे. बहिणीच्या पोटात गोळा येतो, कारण तो आला असेल तर त्या न उचललेल्या फोनबद्दल विचारेल. वडिलांना हे सगळं बिजागरीचं दुखणं ठरावं असं वाटतं. एकाच दाराकडे तिघं तीन तऱ्हेने पाहतात. सगळे सारखेच घाबरले तर फिल्म चपटी होते.

घडणाऱ्या प्रत्येक विचित्र गोष्टीला दोन स्पष्टीकरणं द्या आणि दोन्ही शेवटपर्यंत टिकवा. चौकट फुगून खिटी नीट बसत नसेल. आई रात्री उठून दार उघडत असेल आणि सांगत नसेल. साधं स्पष्टीकरण घरातल्याच माणसाच्या तोंडी द्या. बाहेरून आणलेला तज्ज्ञ आला की पाहणारा निकालाची वाट पाहू लागतो आणि घरातली माणसं मागे पडतात.

*तपासणी:* भीतीची एकूण एक जागा काढून टाका आणि उरलेली गोष्ट दोन पानांत लिहा. ती वाचवत नसेल तर शूटिंगची तारीख ठरवू नका.

*नेहमीची चूक:* मरणातच गूढ घालणं. खून, बेपत्ता होणं, गुप्त डायरी आली की पाहणारा तपास करायला बसतो. मरण साधं, सगळ्यांना माहीत असलेलं ठेवा. न सुटलेलं काय असेल ते मागे राहिलेल्यांच्या आपसातलं असू द्या.

२. पुराव्यांची यादी

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी प्रत्येक जुन्या क्लिपचा आणि फोटोचा जन्मदाखला लिहून काढा. कोणी काढलं, कशावर काढलं, कोणासाठी काढलं, आणि त्यानंतर ते कुठे पडून होतं. “या क्षणी कॅमेरा का चालू होता?” याला एका वाक्यात उत्तर नसेल तर ती क्लिप रद्द. माणसं वाढदिवस चित्रित करतात, नवीन गाडी करतात, लहान मूल नाचलं तर करतात. रात्री दोन वाजता पॅसेजमध्ये विनाकारण कोणी फोन धरून चालत नाही.

२५ मिनिटांच्या फिल्मला असे आठ ते दहा तुकडे पुरतात. त्यातल्या तीनच तुकड्यांत काहीतरी असावं. बाकीचे निखळ रिकामे. कारण रिकाम्या क्लिपमध्ये पाहणारा कोपरे धुंडाळतो, त्याला काही सापडत नाही, आणि पुढच्या क्लिपला तो आणखी पुढे सरकून बसतो. प्रत्येक क्लिपमध्ये काही ना काही ठेवलं की हा खेळ तिसऱ्या क्लिपलाच संपतो.

यंत्र आणि साल जुळलं पाहिजे. मुलगा २००४ चा जन्मलेला आणि २०२३ मध्ये गेला असं धरलं तर:

– तीन वर्षांचा असताना, म्हणजे २००७ मध्ये, घरात मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपचा) कॅमकॉर्डर असू शकतो. चित्र ७२० × ५७६ (एनटीएससी पद्धतीच्या देशांत, उदा. अमेरिकेत, ७२० × ४८०), इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत, म्हणजे फील्डमध्ये, नोंदलेली), घरगुती टेपवर बहुधा ४:३.

– पाच वर्षांचा असताना साधा कॅमेरा फोन. थ्रीजीपी फाइल, १७६ × १४४ पिक्सेल, सेकंदाला सुमारे १५ फ्रेम, मोनो आवाज.

– पंधराव्या वर्षानंतर स्मार्टफोन, १०८०पी, बहुतेक वेळा उभा धरलेला.

सगळ्यात जास्त चुकतं ते सीसीटीव्हीत. २०२३ मधला घरगुती वायफाय कॅमेरा सहसा १०८०पी देतो. त्या सालचं फुटेज ३५२ × २८८ च्या धुरकट चित्रात दाखवलं की तरुण प्रेक्षक लगेच हसतो. धुरकटच हवं असेल तर डीव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या पेटीला) जोडलेला जुना ॲनालॉग कॅमेरा दाखवा आणि तो घरात का टिकून आहे हे वहीत लिहून ठेवा.

*सावधान:* मिनीडीव्हीमध्ये तारीख आणि वेळ टेपवर वेगळ्या माहितीच्या रूपात नोंदली जाते, चित्रात छापली जात नाही. ती पडद्यावर हवी असेल तर कोणीतरी कॅमेऱ्यावर टेप चालवून ‘माहिती दाखवा’ चालू ठेवलं होतं असं मानावं लागतं. व्हीएचएस आणि व्हिडिओ-८ या त्याहून जुन्या टेपच्या कॅमेऱ्यांत मात्र तारीख थेट चित्रात उमटवता येत असे. कोपऱ्यातली पिवळी तारीख बघायला छान वाटते म्हणून सरसकट सगळीकडे चिकटवू नका.

३. जुनं फुटेज आधी शूट करा

मुलाखतींच्या आधी. यामागे दोन कारणं आहेत. मुलाखतीत कलाकाराला हीच क्लिप पहिल्यांदा दाखवायची आहे. आणि ही क्लिप करताना एकत्र घालवलेला दिवस त्यांच्या बोलण्यात आपोआप उतरतो, तो लिहून देता येत नाही.

कॅमेरा पात्राच्याच हाती द्या. वडिलांनी काढलेली क्लिप वडिलांचं काम करणाऱ्यानेच काढायची. छायाचित्रकाराला कितीही वाईट धर म्हटलं तरी त्याचा हात नकळत चौकट सावरतो. प्रत्येक क्लिप चार-पाच मिनिटं सलग चालू ठेवा, त्यातले २० ते ४० सेकंद वापरा. सुरुवातीचा मिनिटभर सगळे कॅमेऱ्याचं भान ठेवून असतात. कामाचं जे काही आहे ते नंतर येतं.

लहान वयाच्या क्लिपसाठी लहान कलाकार लागेल. त्याचे पालक सतत सेटवर असू द्या आणि गोष्टीतला भयाचा भाग त्याला सांगू नका. मूल मिळत नसेल तर ते वय फोटोंमधून किंवा पाठमोऱ्या, लांबच्या चित्रांतून भागवा. मोठ्या कलाकारांच्या बाबतीत केस आणि दाढी पाहून दिवस लावा. वाढलेल्या केसांचं आधी, कापलेल्या केसांचं नंतर.

आता मुख्य चित्र. दार असो की आकृती, शक्यतो प्रत्यक्ष सेटवर उभी करा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात नंतर काही बसवायचं तर प्रत्येक फ्रेमची हालचाल जुळवावी लागते आणि छोट्या टीमकडून ती जुळत नाही. खाली दिलेल्या गोष्टी पाळा:

– चौकटीच्या मध्यभागी डोळ्यांना गुंतवणारं काहीतरी चालू हवं. हवी ती गोष्ट कडेच्या तिसऱ्या भागात असावी.

– ती किमान चार-पाच सेकंद चौकटीत राहावी आणि हलू नये. हललेली गोष्ट डोळा तत्काळ पकडतो.

– तिच्यावरचा उजेड मुख्य माणसापेक्षा साधारण दोन स्टॉप कमी (म्हणजे सुमारे पाव) ठेवा. त्याहून काळोख नको. कॉम्प्रेशन (फाइल लहान करण्याची प्रक्रिया) अंधाऱ्या भागाला फार कमी डेटा देतं, तिथले बारकावे मोठ्या चौकोनांत विरघळतात आणि तुमची आकृतीही त्यांच्यासोबत जाते.

– कॅमेरा धरणाऱ्याने तिच्याकडे वळायचं नाही, थबकायचं नाही, झूम तर मुळीच नाही. त्याला ती त्या वेळी दिसलेली नाही.

आकृतीचा आकार मोजून ठरवा. १७६ × १४४ च्या चित्रात ४० पिक्सेल उंचीचा माणूस म्हणजे जेमतेम पाच-सहा पिक्सेलचा चेहरा. एवढ्यात माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही. ते पुढे आई ठरवेल, आणि तिने ठरवलेलं बरोबर आहे का हे कोणालाच सांगता येणार नाही. उंची २० वर आणली तर तो डाग होतो. ८० वर नेली तर नाक-डोळे दिसू लागतात आणि कलाकार ओळखू येतो.

*तपासणी:* त्याच जागी, त्याच उजेडात, आकृतीशिवाय तीच चौकट एकदा घेऊन ठेवा. एडिटमध्ये ‘रिकामी’ आवृत्ती लागणार आहे, आणि नंतर त्याच घरात तोच उजेड मिळत नाही.

४. फुटेज ‘जुनं’ करताना क्रम चुकवू नका

तयार फिल्टर सगळ्या सालांना एकाच साच्यात घालतो. त्याऐवजी चित्राला त्याच्या खऱ्या वाटेने न्या. सर्वांत चांगली वाट म्हणजे खरंच जुन्या फोनवर किंवा कॅमकॉर्डरवर शूट करणं. उपकरण मिळत नसेल तर हा क्रम धरा.

(१) काही बसवायचं, पुसायचं असेल तर ते मूळ, पूर्ण रिझोल्यूशनच्या चित्रात करा.
(२) बसवलेल्या भागाचा काळेपणा, अस्पष्टपणा आणि नॉइज भोवतालाशी जुळवा.
(३) चित्र लहान करा, फ्रेमची गती कमी करा.
(४) कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी डेटा) एक्सपोर्ट करा. १७६ × १४४ साठी सुमारे १०० केबीपीएसपासून सुरू करून वर-खाली करून पाहा.
(५) ती बिघडलेली फाइल परत टाइमलाइनवर आणा आणि मोठी करा.

पहिली आणि चौथी पायरी उलटसुलट झाली की आकृतीची कड भोवतीच्या चौकोनांपेक्षा स्वच्छ राहते. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण ‘हे नंतर चिकटवलंय’ हे त्याला कळतं. या एका चुकीने चांगलं शूट केलेलं दृश्यही वाया जातं.

मिनीडीव्हीच्या फुटेजचं फील्ड ‘लोअर फर्स्ट’ असतं, म्हणजे दोन अर्ध्यांतला खालचा आधी येतो. एडिटिंग सॉफ्टवेअरने ते उलटं धरलं तर हालचाल मागे-पुढे थरथरते. चित्र ४:३ च राहू द्या, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या. ताणून १६:९ केलं तर माणसं बुटकी दिसतात, कापून केलं तर कडेला ठेवलेली गोष्टच जाते. स्मार्टफोनच्या फाइलमध्ये फ्रेमची गती कमी-जास्त होत असते. एडिटला घेण्याआधी ती स्थिर गतीत बदलून घ्या, नाहीतर लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होत जाते.

आवाजालाही हीच शिस्त लावा. त्या काळच्या फोनमधला आवाज ८ किलोहर्ट्झवर नोंदला जायचा, म्हणून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं कापून टाका. १७६ × १४४ च्या चित्राखाली स्टुडिओसारखा स्वच्छ आवाज आला की चित्रावर केलेली सगळी मेहनत फुकट.

*सावधान:* टेपचा खरखराट, तुटणारं चित्र, रंगांची पट्टी नेमकी आकृती दिसतानाच आणू नका. बिघाड कधीही येतो. घालायचाच असेल तर काहीच घडत नसताना घाला.

*तपासणी:* ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा पाच जणांना ती क्लिप काही न सांगता एकदा दाखवा. पाचही जणांना दिसलं तर फार ठळक आहे. मग जागा दाखवून पुन्हा चालवा. आता पाचांपैकी एकालाही दिसलं नाही तर फार पुसट. पहिल्या फेरीत एखाद्याला शंका यावी आणि दुसऱ्या फेरीत सगळ्यांना दिसावं, इथे थांबा.

५. कलाकारांना माहिती द्या, संवाद देऊ नका

पाठ केलेलं वाक्य मुलाखतीत लपत नाही. खरा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो, मागे येतो, भलतंच आठवतो. म्हणून वहीतून प्रत्येकाला फक्त त्याच्या पात्राला ठाऊक असलेल्या नोंदी द्या. न उचललेल्या फोनची गोष्ट बहीण आणि मित्र सोडून कोणाच्याही कागदात नको. दोघांच्या सांगण्यातली तफावत खरी हवी असेल तर ती लिहू नका, त्यांना वेगवेगळी माहिती द्या.

कॅमेऱ्याशिवाय दोन बैठका घ्या. विषय फक्त साधे दिवस. मरणाबद्दल या बैठकांत एक शब्दही काढायचा नाही, तो पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोरच निघू द्या.

दुःखातलं बोलणं कसं असतं याची थोडी तयारी मात्र करून घ्या. काळ घसरतो: “तो उशिरा उठतो… उठायचा.” माणूस मोठ्या गोष्टीऐवजी क्षुल्लक तपशील घट्ट धरून बसतो, जसं अपघातानंतर परत मिळालेल्या सामानात एकच चप्पल होती हे. राग भलत्यावर निघतो. मधूनच हसू येतं आणि हसल्याची लाज वाटते. रडणं संपूर्ण फिल्ममध्ये एकदाच आलं तर पुरे, आणि तेही ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याचं. पाचही जण रडले तर पाहणारा कोरडा राहतो.

*सावधान:* निवड करतानाच विचारा की अलीकडे घरात कोणी गेलं आहे का. हो असेल तर निर्णय त्यांच्यावर सोडा, आग्रह नको. सगळ्यांसाठी एक थांबवण्याचा शब्द ठरवा. तो उच्चारला की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही.

६. मुलाखती

क्रम लांबच्या माणसापासून जवळच्याकडे ठेवा. मित्र, आत्या, वडील, आई आणि शेवटी बहीण. आधीच्यांनी जे सांगितलं त्यातून पुढच्याचे प्रश्न तयार होतात. बहिणीला सर्वांत आधी बसवलं तर तिला विचारायला तुमच्याकडे काहीच नसतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर, डोळ्यांच्या उंचीवर, एकदा लावला की हलवायचा नाही. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या हिशेबाने ५० ते ८५ मिमीची लेन्स. प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं लेन्सला जवळजवळ चिकटून, म्हणजे नजर लेन्सच्या किंचित बाजूला पडते. २५ फ्रेमला शटर १/५०. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ३० फ्रेमला १/६०, नाहीतर दिवे लुकलुकतात. प्रकाश एका बाजूने, मऊ. खिडकीचा उजेड मोहात पाडतो, पण दीड तासाच्या मुलाखतीत तो सरकतो आणि कापलेली वाक्यं जुळत नाहीत. खिडकी झाकून तिथेच डिफ्यूजनमागे (उजेड मऊ करणाऱ्या पडद्यामागे) एलईडी लावणं बरं. निळसर छाया, खालून प्रकाश, मागे अंधार असले प्रकार टाळा. घर साधं दिसलं पाहिजे, भय त्याला नंतर चिकटेल.

आवाजासाठी लेपल माइक (कपड्याला लावायचा) आणि चौकटीच्या जरा वर बूम (दांड्यावरचा माइक), दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास. प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज सगळ्यांनी गप्प बसून ६० सेकंद नोंदवा. हा नंतर करू म्हणून सोडला जातो आणि एडिटमध्ये सगळ्यात जास्त तोच लागतो.

पहिली २० मिनिटं फक्त साधे प्रश्न. विचारणाऱ्याचा आवाज कापायचा आहे, म्हणून उत्तरात प्रश्न यायला हवा. “कोणत्या साली?” याचं उत्तर “२०१९” असं आलं तर ते निरुपयोगी. “आम्ही या घरात २०१९ मध्ये आलो” असं हवं. याची एकदा आठवण करा, दर प्रश्नाला टोकू नका. उत्तर संपलं की मनात पाच मोजा आणि मगच पुढचा प्रश्न विचारा. शांतता भरून काढायला माणूस जे बोलतो ते सहसा ठरवलेल्या उत्तरापेक्षा चांगलं असतं.

अर्धी मुलाखत झाल्यावर लॅपटॉपवर क्लिप दाखवा. कलाकाराने ती शूट केली असली तरी बिघडवलेल्या रूपात कधी पाहिलेली नसावी, आणि कडेला काय आहे हे शक्यतो ठाऊक नसावं. चेहरा किमान दोन मिनिटं सलग घ्या. हा टेक एकदाच होतो. चुकला तर चुकला. “पुन्हा एकदा, जरा जास्त घाबरून” म्हटलं की तो माणूस त्या क्षणापासून नट होतो.

*तपासणी:* प्रत्येक मुलाखतीनंतर दोन्ही माइकचे ट्रॅक सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी हेडफोनवर ऐका. कपड्यावर घासलेला लेपल माइक दुसऱ्या दिवशी सुधारत नाही.

७. एडिट

पाच मुलाखती दीड-दीड तासाच्या धरल्या तर साडेसात तासांचं बोलणं जमतं. ते टाइमकोडसह (फुटेजमधल्या नेमक्या वेळेसह) शब्दशः लिहून घ्या आणि पहिली जुळणी कागदावरच करा. मग फक्त आवाजाची २५ मिनिटांची आवृत्ती बनवा आणि डोळे मिटून ऐका. ती ऐकताना घर उभं राहत नसेल तर चित्रं ते काम करणार नाहीत.

महत्त्वाची क्लिप तीनदा यायला हवी. पहिल्यांदा सुरुवातीलाच, साध्या आठवणीच्या ओघात, कोणीही काहीही न सांगता. दुसऱ्यांदा मध्यावर, कोणीतरी “ते दार बघा” म्हणतं तेव्हा, पण मूळ आकारातच. तिसऱ्यांदा मोठी करून. मोठी करताना तीन-चार पटींच्या पुढे जाऊ नका, सरकत जाणाऱ्या झूमऐवजी टप्प्याटप्प्याने कापा आणि शेवटच्या टप्प्यावर सहा ते आठ सेकंद थांबा. लाल वर्तुळ, बाण, मागे वाढत जाणारं संगीत, काही नको. पहिली वेळ वगळणं ही इथली हमखास होणारी चूक. पाहणाऱ्याला “हे आपण आधी पाहिलं होतं” असं वाटायला हवं, आणि ते आधी खरंच दाखवल्याशिवाय वाटत नाही.

परस्परविरोधी विधानं लागून ठेवा आणि मध्ये निवेदन घालू नका. आई म्हणते ती रात्री कधी उठत नाही. बहीण म्हणते रात्री पावलांचा आवाज आईचाच असतो. पुढे कट. कोण खरं हे फिल्मने सांगायचं नाही.

भीतीचा कळस दोन-तृतीयांशावर आणा. त्यानंतरची सात-आठ मिनिटं घराची आहेत: खोलीचं काय करायचं, सामान कोणाला द्यायचं, बहीण घर सोडते की थांबते. कळस अगदी शेवटी ठेवून कर्कश आवाजात आकृतीचा चेहरा कॅमेऱ्यावर आणणं हा मोह फार लोकांना होतो. तो एक शॉट आधीच्या सगळ्या मुलाखती खोट्या पाडतो.

८. आवाज, सूचना आणि अपलोड

जुन्या क्लिपखाली संगीत नको. मुलाखतीखाली असलंच तर ऐकू येईल न येईल इतकं. ४० ते ५० हर्ट्झचा घुमणारा सूर फोनच्या स्पीकरवर वाजतच नाही, त्यामुळे परिणाम त्यावर सोपवू नका. फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप यांचे आवाज जास्त कामाचे. एखाद्या जागी सतत चालू असलेला पंखा बंद करा, एवढ्यानेही पाहणारा सावध होतो. टीव्हीसाठी उणे २३ एलयूएफएसचं (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) मानक बऱ्याच ठिकाणी चालतं. ऑनलाइनसाठी उणे १४ च्या आसपास नेण्याचा सल्ला मिळतो, पण लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबून तिथे पोचलात तर शांततेतला खरखराटही तितकाच वर येतो. ही फिल्म थोडी हळू राहिली तरी बिघडत नाही.

अस्पष्ट बोलण्याला उपशीर्षकं देताना जपून. उपशीर्षक लिहिलं की तो शब्द पक्का झाला. शंका जिवंत ठेवायची असेल तिथे ‘(अस्पष्ट)’ एवढंच लिहा.

खऱ्या मृत व्यक्तीचा फोटो घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका. खऱ्या वाहिनीचं चिन्ह, वर्तमानपत्राचं शीर्षक, चालू फोन नंबर, गाडीची नंबरप्लेट चौकटीत राहिली आहे का ते फ्रेम थांबवून पाहा. शेवटी कथा काल्पनिक असल्याची ओळ हवी. प्रसिद्धीतही ‘सत्य घटना’ म्हणायचं नाही, कारण अशी फिल्म खरी समजून त्या दुःखात सापडलेलं कोणीतरी तुम्हाला लिहून विचारू शकतं.

अपलोड करण्याआधी एक खाजगी चाचणी करा. वेबसाइट फाइल पुन्हा कॉम्प्रेस करते आणि मुद्दाम बिघडवलेलं चित्र दुसऱ्यांदा बिघडतं. फाइल फोर-केमध्ये मोठी करून चढवली तर साइट अनेकदा जास्त बिटरेट देते. मग ती अर्ध्या ब्राइटनेसच्या फोनवर ४८०पीमध्ये उघडा आणि तिन्ही महत्त्वाच्या जागा बघा. आकृती गायब झाली असेल तर तयार फिल्मचा रंग उजळवू नका. चौथ्या भागातल्या क्रमावर परत जा, मूळ चित्रात तो कोपरा थोडा वर उचला आणि पाचही पायऱ्या त्याच क्रमाने पुन्हा करा.